पुन्हा वॉकर हातात आला तेव्हा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई ६२ वर्षांच्या. सहा आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं, चौथ्या दिवशी घरी आल्या. तिसरा आठवडा संपताना वॉकर सुटून काठी आली, घरात कौतुक झालं. चौथ्या आठवड्यात एके दिवशी इतकं हलकं वाटलं की त्यांनी जिना तीनदा चढउतार केला, कपाट आवरायला काढलं, दुपारी पाठही टेकली नाही. रात्री गुडघा टम्म सुजला. तेव्हापासून पुन्हा वॉकर. रात्री दोनला ठणक्याने जाग येते ती पहाटेपर्यंत. वेदनाशामक गोळ्या सवय लागेल म्हणून दहाव्या दिवशीच बंद केल्या होत्या. ‘आतलं काही सरकलं तर’ या भीतीने गेले आठ दिवस व्यायामही बंद आहे. ओळखीतल्या एका बाईंचं हेच ऑपरेशन त्याच सुमारास झालं, त्या तिसऱ्या आठवड्यातच बिनकाठीच्या चालायला लागल्या. यजमान म्हणतात, ‘थोडं सोसायला हवं.’ मुलीचा फोन आला की उत्तर एकच, ‘बरी आहे.’ पत्राचा शेवट असा: ‘आयुष्यभर सगळ्यांची दुखणीखुपणी काढली आणि स्वतःच्या एका गुडघ्यापुढे हरले. घरच्यांना त्रास न देता हे कसं सोसायचं, तेवढं सांगा.’

---

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. का, ते पुढे येईलच. त्याआधी एक काम आहे, तेवढं करा आणि मग उरलेलं वाचा.

ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे फोन करा. सूज आली त्याला दोन आठवडे झाले आणि अजून त्यांना ती कोणी दाखवलेली दिसत नाही. ती जास्त श्रमाची असण्याचीच शक्यता मोठी आहे, पण हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. जखमेतून पू किंवा पाणी येत असेल, लाली पसरत असेल, ताप ३८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर जात असेल, तर जंतुसंसर्ग नाही ना हे त्याच दिवशी पाहायला हवं. पोटरी सुजून गरम झाली असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. अशा ऑपरेशननंतर हा धोका काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत राहतो. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फोनचीही वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. तुम्ही पडला असाल आणि पत्रात लिहायचं टाळलं असेल (असं लोक करतात), तर तेही सांगा.

झाला फोन? आता बोलू.

तुम्ही लिहिता, ‘मागे गेले.’ चौथ्या आठवड्यात तुम्ही नेमक्या कुठे होतात, ते आधी पाहू. टाके निघाले, वरची कातडी जुळली की आपल्याला वाटतं जखम भरली. खरं तर तीन आठवड्यांनी जखमेच्या जागेला मूळच्या कातडीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा बळकटी आलेली असते. ८० टक्क्यांच्या आसपास पोचायला तीन महिने लागतात, आणि त्यापुढे ती फारशी जात नाही. ही झाली कातडीची गोष्ट. गुडघ्यात तर हाड कापलेलं असतं, आजूबाजूचं सगळं ताणलेलं, हलवलेलं असतं. नव्या गुडघ्याची सूज आणि ऊब काही महिने टिकू शकते, आणि सुधारणा वर्षभर होत राहते. म्हणजे काठी हातात आली त्या दिवशी तुम्ही प्रवासाच्या सुरुवातीलाच होतात. कौतुक झालं म्हणून मुक्काम आल्यासारखं वाटलं, इतकंच.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, ही म्हण आपण दुसऱ्याच्या उशाशी बसून सांगत असतो. स्वतःवर वेळ आली की मुंगीच्या मागे लागतो, चल लवकर म्हणून. आणि मुंगी कधी सरळ रेषेत गेलेली तुम्ही पाहिलीत का?

घरी परतलेल्या माणसाला वाईट दिवसापेक्षा चांगला दिवस जास्त अडचणीत आणतो, असं माझं मत आहे. वाईट दिवशी आपण आपोआप जपून असतो. चांगल्या दिवशी आठवडाभराची तुंबलेली कामं उरकतो, मग दोन दिवस आडवे होतो, मग पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही हेच केलं होतं. अठराव्या दिवशी पुस्तकांचा कप्पा रिकामा करायला घेतला आणि पुढचे चार दिवस कुशीवर वळताना देव आठवला. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ‘कोणी सांगितलं होतं करायला?’ हे ऐकावं लागलं असतं.

यावर उपाय साधा आहे, पण तो करायला जीवावर येतो: किती करायचं हे वाटण्यावर सोडायचं नाही, आधी ठरवून ठेवायचं. घरातल्या घरात इतक्या फेऱ्या, जिना एकदाच, व्यायाम दिवसातून इतक्या वेळा. हे आकडे तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून घ्या. बरं वाटलं तरी तेवढंच करायचं आणि कंटाळा आला तरी तेवढं करायचं. निकाल त्याच क्षणी लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. सकाळी दुखणं आणि सूज आदल्या सकाळीइतकीच असेल तर प्रमाण बरोबर होतं. दोनचार दिवस तसंच जमलं की थोडं वाढवा. सूज वाढलेली असेल तर कमी करा. कमी म्हणजे कमी, बंद नव्हे.

कारण बंद करणं हीच सध्या तुमची मोठी अडचण झाली आहे. ‘आतलं काही सरकेल’ ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, ती स्वाभाविक आहे. पण दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोडतंय, हे समीकरण तपासून घ्यायला हवं. आपल्या भाषेने तर ते पक्कंच करून ठेवलंय: दुखणं म्हणजे वेदना आणि दुखणं म्हणजे आजारही. त्यामुळे कळ आली की आजार वाढला असंच वाटतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने मांडली. तिच्यासोबतच्या टिपांमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, शरीरातून निघणारी इशाऱ्याची खूण आणि आपल्याला होणारी वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी, वेदना झालीय असं माणूस सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखायला हवा. पहिली गोष्ट तुमच्यासाठी. दुसरी यजमानांना वाचून दाखवा.

एक जुनं निरीक्षण आहे. हेन्री बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी केली आणि ती १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. वेदनाशामक हवं का असं विचारल्यावर सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटलं. त्यांच्या जखमा किरकोळ नव्हत्या. पण त्यांच्या लेखी जखमेचा अर्थ होता: रणांगणातून सुटलो, जिवंत आहे, आता घरी जायचं. बीचरचा अंदाज होता की तो अर्थच वेदनेला वेगळं रूप देत होता. यावरून ‘म्हणजे सगळं मनाचेच खेळ’ असं कोणी तुम्हाला सांगायला आलं तर त्याला दार दाखवा. सैनिकांच्या जखमा खऱ्या होत्या, तुमचा गुडघाही खरा आहे. मला फक्त एवढं विचारायचंय, की रात्री दोन वाजता ठणका लागतो तेव्हा तुम्ही त्याचा अर्थ काय लावता? पत्रावरून दिसतं ते हे: सगळं वाया गेलं, मी हरले, त्या बाई पुढे गेल्या. इतकी मोठी ओझी एका गुडघ्यावर टाकलीत तर तो दुखणारच.

त्या बाईंबद्दल एकच. त्यांचा गुडघा ऑपरेशनपूर्वी किती वाकत होता, मांडीच्या स्नायूंत किती जोर होता, झोप कशी होती, यातलं आपल्याला काहीही ठाऊक नाही. आणि त्या रात्री दोनला काय करतात, तेही ठाऊक नाही. त्याही फोनवर ‘बरी आहे’च म्हणत असतील.

आता गोळ्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ‘सोशीक’ हा आपल्याकडे बायकांना मिळणारा किताब आहे, आणि तुम्ही तो जन्मभर मिरवला असणार. पण या ऑपरेशननंतर सोसण्याला बक्षीस नाही, दंड आहे. दुखतं म्हणून माणूस पाय वाकवत नाही. वाकवला नाही की आतला भरून येणारा भाग आखडतो. मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघ्याला सरळ धरतो, तो आधीच दुबळा झालेला असतो. गुडघ्यातली सूज त्याला आणखी गप्प बसवते. तो गप्प बसला की पाय लटपटतो, भीती वाढते, हालचाल आणखी कमी होते. हे चक्र तोडण्यासाठी वेदनाशामक असतं. गोळी घेऊन निदान व्यायाम तरी होतो.

सवय लागण्याच्या भीतीत तथ्य आहे, पण सगळ्या गोळ्यांना ते लागू नाही. पॅरासिटामॉलची, किंवा सूज कमी करणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांची व्यसन म्हणतात तशी सवय लागत नाही. त्यांची भीती वेगळी आहे. पॅरासिटामॉल प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहूनही खाली येते. आणि सर्दीतापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही तेच असतं, त्यामुळे नकळत दुप्पट होतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून त्या मनाने सुरू करायच्या नाहीत. सवयीची भीती खरी आहे ती ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या जातकुळीतल्या औषधांबाबत. ती थोडेच दिवस, सांगितल्या मापातच घ्यायची, मद्यासोबत कधीही नाही. बरेच दिवस घेतली असतील तर एकदम न तोडता डॉक्टरांना विचारून उतरवत आणायची. त्यांच्याने बद्धकोष्ठता होते आणि तिच्याबद्दल लाजेने कोणी बोलत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचे कुंथून टाके दुखावले की मग बोलतात.

तर डॉक्टरांना नेमकं विचारा: माझ्या इतर औषधांसोबत कोणती गोळी चालेल, किती दिवस, आणि व्यायामाच्या किती आधी घेऊ? सहसा अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर व्यायामाच्या वेळी तिचा उपयोग होतो. कळ शिखरावर पोचल्यावर गोळी घेऊन तिची वाट बघत बसण्यापेक्षा सुरुवातीचे काही दिवस घड्याळाप्रमाणे घेणं बहुतेकांना सोपं जातं.

रात्रीचं म्हणाल तर, दिवसभर लक्ष गुंतवणारं काहीतरी असतं, रात्री तुम्ही आणि गुडघा दोघंच उरता. शेवटच्या गोळीचा असरही तेव्हा उतरलेला असतो. झोपण्याआधी पाय हृदयापेक्षा उंच राहील असा ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. उघड्या कातडीवर नको. आणि एक सवय तुम्हाला लागली असेल तर मोडा: गुडघ्याखाली उशी. तिने आराम वाटतो खरा, पण तासन्‌तास वाकलेला गुडघा मग पुरता सरळ व्हायला तक्रार करतो. उशी घ्यायचीच तर घोट्याखाली घ्या. जाग आलीच तर अंथरुणात घड्याळ बघत पडू नका. दिवा लावा, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत एक चक्कर मारा, पुन्हा पडा. झोपेच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, वेदनाशामकाबरोबर तर मुळीच नकोत.

जमलं तर पलंग खिडकीशी हलवून घ्या. रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले, ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती त्यांना तसं झालं नाही. अभ्यास छोटा होता, अवघ्या ४६ रुग्णांचा, त्यामुळे त्यावर मी फार मोठा इमला बांधणार नाही. पण पलंग हलवायला औषध लागत नाही, आणि तो हलवण्याच्या निमित्ताने यजमानांना काहीतरी करायला मिळेल.

कारण यजमानांचं ‘थोडं सोसायला हवं’ हे तुम्हाला वाटलं तितकं कठोर मला वाटलं नाही. मदत करायची आहे पण काय करायचं ते कळत नाही, अशा माणसाच्या तोंडी नेहमी येणारं हे वाक्य आहे. आणि कळणार कसं? तुम्ही सांगतच नाही. तुम्ही कण्हता तेव्हा त्यांना ऐकू येतं, विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणता, मग जेवताना चिडता. त्यांच्या जागी मीही गोंधळलो असतो. ‘घरच्यांना त्रास न देता’ हा तुमचा आग्रह घरच्यांना सगळ्यात जास्त त्रास देतोय, असं मला वाटतं. तुम्ही सगळ्यांची दुखणी काढलीत तेव्हा त्यांनी तुमच्यापासून लपवलेलं तुम्हाला चाललं असतं का?

मदत मोघम मागू नका. ‘जरा लक्ष द्या’ यातून कोणालाच काही कळत नाही. ‘रात्री नऊला बर्फ आणून द्या’, ‘सकाळी दहाला व्यायामाच्या वेळी समोर बसा, बोलू नका, फक्त मोजा’, ‘जिना चढताना मागे राहा’ असं सांगा. मुलीला ‘बरी आहे’ऐवजी आजची एक खरी गोष्ट सांगा. ‘आज गुडघा कालच्यापेक्षा कमी वाकला, रडू आलं, पण दोन फेऱ्या मारल्या.’ एवढ्याने ती धावत येणार नाही. तिच्या मनात आत्ता जे चित्र आहे त्यापेक्षा हे कमीच भयंकर असेल.

डॉक्टरांशी बोलतानाही नुसतं ‘दुखतं’ म्हणू नका. दहापैकी किती, असं ते विचारतील. आकडा सांगा, पण तिथे थांबू नका. मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके वापरा. ठणकतं की कळ येते? सणक जाते की चमक भरते? ओढ लागते, रग लागते, खुपतं, आग होते, मुंग्या येतात? हा शब्दांचा सोस नाही. आग होणं, विजेसारखी सणक, मुंग्या, नुसत्या कपड्याच्या स्पर्शानेही झोंबणं, हे मज्जातंतूंच्या वेदनेकडे बोट दाखवतं, आणि तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. औषधं वेगळी असतात. तुमच्या एका शब्दाने औषध बदलू शकतं.

एक वही ठेवा. रोज तीनच नोंदी: काय केलं, कोणती गोळी कधी घेतली, दुसऱ्या सकाळी कसं होतं. मनःस्थितीची पानं भरायची गरज नाही. वहीचा खरा उपयोग पंधरा दिवसांनी होतो. रोज बघताना काहीच हललेलं दिसत नाही, पण ‘खुर्चीतून उठायला दोन्ही हात लागले’ ही जुनी नोंद वाचताना लक्षात येतं की आता एकच लागतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी पोटाच्या, छातीच्या किंवा कंबरेच्या ऑपरेशनमधून उठत असतील. तपशील वेगळे: खोकताना-शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरणं, किती वजन उचलायचं आणि कधीपासून हे विचारून घेणं, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणं. चांगल्या दिवसाचा सापळा मात्र सगळ्यांना सारखाच. आणि ऑपरेशन होऊन तीन महिने उलटल्यावरही वेदना टिकून असेल, तर ‘वेळ लागतोच’ या उत्तरावर समाधान मानू नका. तीन महिन्यांपुढची वेदना हा वैद्यकात वेगळा प्रश्न मानतात, त्यासाठी वेगळी तपासणी आणि वेदनातज्ज्ञ असतात. तुमच्या सहा आठवड्यांत ती वेळ अजून आलेली नाही.

रडू येण्याबद्दल तुम्ही अर्धंच वाक्य लिहून खोडलंय, ते मी वाचलं. झोप नाही, शरीरावर एवढा घाव बसलेला, स्वतःचं घर परक्यासारखं झालेलं. अशात रडू आलं तर नवल नाही. पण दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, खाणं सुटलं असेल, किंवा नको हे जगणं असं मनात येत असेल, तर तेही सुजेइतकंच डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण आहे. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

वॉकरबद्दल तुम्हाला फार वाईट वाटतंय. वॉकर घेऊन सरळ, टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देत चालणं हे काठीवर लंगडत चालण्यापेक्षा गुडघ्याच्या दृष्टीने कधीही बरं. काठीवर कधी जायचं ते फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. काठी परत येईल तेव्हा ती विरुद्ध हातात, म्हणजे तुमच्या बाबतीत डाव्या हातात धरा. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात.

आणि तो पहिला फोन अजून केला नसेल, तर आता करा. ‘बरी आहे, पण जरा सूज आहे’ अशी सुरुवात करायचा तुम्हाला मोह होईल. तसं करू नका. पहिलं वाक्य हे असू द्या: ‘मी दहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या आणि आठ दिवस व्यायाम केलेला नाही.’ तुमच्या पत्रावरून मला वाटतं, हे त्यांना अजून कोणीच सांगितलेलं नाही.